जोते आणि पाटी

‘कूपे’ हा शब्द मराठी माणसाला मोटारीमुळे नव्हे, रेल्वेमुळे ठाऊक झाला. पहिल्या वर्गाच्या डब्यात चार-चार शायिकांच्या खोल्यांच्या रांगेत एखादी दोनच शायिकांची खोली असते, तिला कूपे म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. ‘कापणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेले ते धातुसाधित आहे. कूपे म्हणजे ‘कापलेली’. काय कापलेली, असे विचारले तर उत्तर मोठे गमतीचे आहे : बर्लिन. सतराव्या शतकात बर्लिन शहराच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली, समोरासमोर दोन बाके असलेली बंदिस्त घोडागाडी युरोपभर पसरली आणि फ्रेंचांनी तिला ‘बेर्लिन’ म्हटले. तिचे पुढचे बाक छाटून दोघांपुरती केलेली गाडी ती ‘बेर्लिन कूपे’. पुढे व्यवहारात विशेष्य गळून पडले आणि विशेषणच नाम होऊन बसले. चार दारांच्या मोटारीला फ्रेंचमध्ये आजही बेर्लिन म्हणतात. म्हणजे जर्मनांची आजची डौलदार दोन दारी कूपे ही शब्दाच्या हिशेबाने फ्रान्सहून कापून परत आलेली बर्लिनच होय.

हा कापण्याचा अर्थ मोटारीच्या बाबतीतही बराच काळ अक्षरशः खरा होता. मर्सिडीज-बेंझची १९७७ सालची मधल्या वर्गातली कूपे घ्या. तिच्या चार दारी बहिणीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, ज्याला सगळेच व्हीलबेस म्हणतात, २७९५ मिलिमीटर होते, कूपेचे २७१०. नेमके ८५ मिलिमीटर कापले. १९८१ मध्ये एस-क्लासपासून कूपे झाली, तेव्हा २९३५ चे २८५० झाले. पुन्हा ८५. १९८७ मध्ये मधल्या वर्गाची पुढची पिढी आली, २८०० चे २७१५. तिसऱ्यांदा ८५. आईच्या साडीतून मुलीचे परकर-पोलके बेतावे तशी ही कूपे मोठ्या गाडीतून बेतलेली असे. ती कोणाची, हे तिच्याकडे पाहून आणि तिचे नाव वाचून सारखेच कळे.

पुढे हे दोन्ही कळणे एकमेकांपासून फुटले. ते कसे फुटले, हा या लेखाचा विषय आहे.

मी मोटार चालवत नाही. महाविद्यालयात मराठी शिकवते. त्यातही व्याकरण आणि भाषाविज्ञान हे विषय इतर कोणी घ्यायला तयार नसल्याने वर्षानुवर्षे माझ्याकडे राहिले आहेत. माझ्या धाकट्या भावाचे पुण्यात गॅरेज आहे आणि वॉरंटी संपलेल्या जर्मन गाड्या तिथे दुरुस्तीला येतात. रविवारी सकाळी त्याच्याकडे चहाला गेले की त्या मंडळींची भाषा कानावर पडते. त्या भाषेत गाड्यांना नावे नसतात, आकडे असतात. ‘दोनशे तीन आली आहे’, ‘दोनशे बाराचा पंप मागवला का’, असे चाललेले असते. एकदा बाहेर एक करड्या रंगाची सुरेख कूपे उभी होती. मागे चकचकीत अक्षरांत ‘ई’ आणि पुढे आकडा. मी म्हटले, ही ई-क्लास ना? भाऊ गाडीखालून म्हणाला, “पाटी ई-क्लासची आहे. पण ताई, पाटीवर पार्ट मिळत नाही, चासी नंबरवर मिळतो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. चासी नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला आकडा. त्यात ती कोणत्या पिढीची, कोणत्या घडणीची हे नोंदलेले असते. त्या कूपेची घडण कंपनीच्या हिशेबात सी २०७. ही गाडी २००९ मध्ये आली, ई-क्लास कूपे या नावाने. त्याच वर्षीच्या चार दारी ई-क्लासचा, म्हणजे डब्ल्यू २१२ चा, व्हीलबेस २८७४ मिलिमीटर आहे. या कूपेचा २७६०. आता इथे ८५ मिलिमीटरचा हिशेब लागत नाही. मात्र तेव्हाच्या धाकट्या सी-क्लासचा, डब्ल्यू २०४ चा, व्हीलबेस पाहिला की उलगडा होतो : २७६०. मिलिमीटरचाही फरक नाही. चेहरा ई-क्लासचा, दिवे ई-क्लासचे, आतली मांडणी पुष्कळशी तिच्यासारखी, नाव तर तिचेच; पण जी तळाची घडण, ती मुख्यतः सी-क्लासची.

या तळाच्या घडणीला इंग्रजीत आणि आता सर्वत्रच प्लॅटफॉर्म म्हणतात. चाकांचे आस कुठे येणार, सस्पेन्शन कशाला जोडले जाणार, इंजिन उभे बसणार की आडवे, हे सारे त्यात ठरते. आपल्याकडे घराला जोते असते तसे हे मोटारीचे जोते. पडक्या वाड्याच्या जोत्यावर नवे घर उभे राहते, खिडक्या-दारे बदलतात, दारावर नवी पाटी लागते, पण खोल्यांचा आवाका जोत्याने ठरवलेला असतो. नवे जोते घालणे मोटार-कारखान्याला फार महाग पडते, आणि कूपे घेणारे गिऱ्हाईक थोडे. म्हणून कूपेला स्वतःचे जोते बहुधा मिळत नाही. ती कोणाच्या तरी जोत्यावरच उभी राहते. यात लपवण्यासारखे काही नाही. प्रश्न फक्त पाटीवर काय लिहायचे, एवढाच उरतो.

मर्सिडीजने या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती क्रमाने वाचली तर एखाद्या शब्दाचा अर्थेतिहास वाचल्यासारखे वाटते. १९९७ मध्ये त्यांनी सीएलके नावाची कूपे आणली. तिचा व्हीलबेस २६९०, तेव्हाच्या सी-क्लासइतकाच. चेहरा मात्र ई-क्लासचा, त्या वेळी नवलाईचे वाटलेले चार लंबगोल दिवे लावलेला. २००२ मध्ये सीएलकेची दुसरी पिढी आली : २७१५, पुन्हा सी-क्लासइतकीच, आणि पुन्हा तोंडवळा थोरलीचा. म्हणजे २००९ मध्ये घडण बदललीच नाही. जे बारा वर्षे चालत होते तेच पुढे चालले. बदलली ती पाटी. मला विचाराल तर सीएलके हे नाव अधिक सरळ होते. ते कोणाच्याच कुळाचे नव्हते, त्यामुळे कोणाच्या कुळावर हक्क सांगत नव्हते.

२०१७ च्या ई-क्लास कूपेत मग खरोखरच बदल झाला. ती थोरलीच्या जोत्यावर गेली. व्हीलबेस २८७३, सी-क्लासच्या २८४० हून जास्त आणि ई-क्लासच्या २९३९ हून कमी. नाव आणि घडण यांची वीस वर्षांनी भेट झाली म्हणायची. ती फार काळ टिकली नाही, ते पुढे येईलच.

हे ‘ई’ अक्षर तरी कुठून आले? इथे खरी मौज आहे, आणि ती व्याकरणाची आहे. पूर्वी मर्सिडीजच्या नावात आधी आकडा येई आणि मागून अक्षरे. ३०० ई म्हणजे तीन लिटरचे इंजिन आणि ‘आइनश्प्रिट्सुंग’, अर्थात इंधन कार्ब्युरेटरमधून न जाता फवाऱ्याने आत सोडण्याची सोय. ‘डी’ असेल तर डिझेल. ‘सी’ असेल तर कूपे. यावरून ३०० सीई : तीन लिटर, कूपे, इंधनाचा फवारा. ५०० एसईसी : पाच लिटर, एस वर्ग, फवारा, कूपे. प्रत्येक अक्षराला काम होते. पाणिनीच्या सूत्रांत प्रत्ययांना जोडलेले अनुबंध असतात. ते रूपात उरत नाहीत, पण जाणकाराला सांगतात की या प्रत्ययाने गुण होईल की नाही, स्वर कुठे पडेल. मर्सिडीजची मागची अक्षरे मला तशी वाटतात. ती गाडी विकण्यासाठी नव्हती, गाडीविषयी काही सांगण्यासाठी होती.

पुढे फवारा सर्वच गाड्यांत आला. जे सर्वांत असते ते वेगळे सांगण्याची गरज राहत नाही. १९९३ मध्ये कंपनीने नावांची रचनाच उलटी केली. आकड्यामागचे अक्षर आकड्यापुढे गेले आणि ३०० ई च्या वंशातल्या गाडीला ई ३२० असे नाव आले. प्रत्ययाचा उपसर्ग झाला, आणि होता होता त्याचा अर्थही गेला. इंधनाच्या फवाऱ्याचे लघुरूप एका कुळाचे नाव झाले. भाषेत हे असेच घडते, हे वर्गात सांगताना मी नेहमी झिजलेल्या विभक्तिप्रत्ययांची उदाहरणे देत असे. आता हेही देते. विद्यार्थ्यांना ते चटकन समजते, कदाचित त्यात परीक्षेचा वास नसल्यामुळे.

या अक्षरांत श्लेषही भरपूर. ‘एल’ हे एसईएल मध्ये ‘लांग’, म्हणजे लांब. आणि एसएल मध्ये ‘लाइश्ट’, म्हणजे हलकी. ‘के’ हे १९२८ च्या एसएसके मध्ये ‘कुर्त्स’, म्हणजे आखूड. आणि १९३६ च्या ५४० के मध्ये ‘कोम्प्रेसोर’, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र. सीएलके मधला ‘के’ पुन्हा आखूडपणाचा. एसएल मधल्या ‘एस’ चा तर पाठभेदच होता. काही म्हणत ‘श्पोर्ट-लाइश्ट’, काही म्हणत ‘झुपर-लाइश्ट’. कंपनीच्या स्वतःच्या लेखनातही दोन्ही पाठ आढळत. १९५२ मध्ये शर्यतीसाठी जन्मलेल्या गाडीच्या नावाचा अर्थ कंपनीला २०१७ मध्ये, आपल्याच दप्तरातले जुने कागद काढून, ‘झुपर’ असा नक्की करावा लागला. पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्यांनी जर्मन मोटारींकडे अगदीच तुच्छतेने पाहू नये.

हलकेपणाचीही एक कथा आहे. १९९२ मध्ये एस-क्लासची जी थोरली कूपे निघाली तिचे नाव आधी एसईसी. १९९३ च्या उलथापालथीत ती एस-क्लास कूपे झाली. १९९६ मध्ये तीच गाडी सीएल म्हणून विकली जाऊ लागली. एका देहाला चार-पाच वर्षांत तीन नावे. त्यातल्या सीएल मधल्या ‘एल’ चा अर्थ हलकी असा लावतात, आणि बारा सिलिंडरची ती गाडी दोन टनांहून जड होती. पुढे दोन पिढ्या सीएल हेच नाव चालले, आणि २०१४ मध्ये पुन्हा एस-क्लास कूपे असे नामकरण झाले. सासरचे नाव, माहेरचे नाव, पुन्हा सासरचे.

एसएलसी या नावाचे तर उलटेच झाले. १९७१ ची एसएलसी ही उघड्या एसएलपासून केलेली कूपे. तिला कापले नव्हते, उलट मागच्या आसनांसाठी सुमारे ३६ सेंटीमीटर लांब केले होते. ‘सी’ म्हणजे कूपे. २०१६ मध्ये हीच तीन अक्षरे पुन्हा एका गाडीवर आली, पण ती गाडी छत उघडणारी दोन आसनी, आणि ‘सी’ म्हणजे आता सी-क्लासचा दर्जा. कारण दरम्यान कंपनीने नियम केला होता की नावातले शेवटचे अक्षर मूळ कुळ सांगेल : ए, बी, सी, ई किंवा एस. नियम झाला की अपवाद आलाच. २००४ पासून चालत आलेली सीएलएस ही चार दारी ‘कूपे’ या नियमाने एस-कुळातली ठरते. तिच्या पहिल्या पिढीचा व्हीलबेस मात्र २८५४, तेव्हाच्या ई-क्लासचाच.

बव्हेरियातल्या शेजाऱ्यांविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तिथे अक्षरांऐवजी आकडे आहेत आणि आकड्यांत मला फारशी गती नाही. बीएमडब्ल्यूने १९७२ मध्ये ५ या आकड्याने नवी मालिका सुरू केली, मागोमाग ३ आणि ७ आले. १९७६ ची ६ ही कूपे पाचाच्या घडणीतून निघाली. विषम आकडे चार दारींना आणि सम आकडे कूपेंना, हा संकेत मात्र पुरतेपणी रूढ झाला तो २०१३ मध्ये, जेव्हा तोवर ३ म्हणवणाऱ्या कूपेला ४ म्हटले गेले. व्हीलबेस दोघींचा २८१० च राहिला. पुढल्याच वर्षी चार दारांची ४ आली आणि संकेत पुन्हा ढिला झाला. पूर्वीचे आकडे बोलके असत : ८५० म्हणजे आठवी मालिका, पाच लिटर. ४३५ मधल्या ३५ वरून मात्र साडेतीन लिटर समजू नयेत, तिचे इंजिन तीनच लिटरचे. शिवाय एकाच पाटीखाली दोन जोती असण्याचा प्रकारही तिथेच सापडतो. २ या आकड्याच्या दोन दारी कूपेची मागची चाके गाडी ढकलतात. त्याच आकड्याच्या चार दारी ‘ग्रान कूपे’ची पुढची चाके तिला ओढतात. ही दुसरी २०२० मध्ये भारतात आली आणि चेन्नईच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली.

ऑडीच्या नावातच भाषांतर आहे. ऑगुस्ट हॉर्ख याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये तो तिच्यातून बाहेर पडला. नव्या कंपनीला आपलेच आडनाव द्यायला त्याला कायद्याने मज्जाव झाला. हॉर्ख या शब्दाचा जर्मनमधला अर्थ ‘ऐक!’ एका मित्राच्या लॅटिन शिकणाऱ्या मुलाने सुचवले, लॅटिनमध्ये म्हणा : ‘ऑडी’. स्वतःच्या आडनावावरचा हक्क गमावलेल्या माणसाने ते भाषांतर करून परत मिळवले, याहून सुंदर गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सापडली नाही. त्या घराण्यातली टीटी ही छोटी कूपे १९९८ ची. नाव आइल ऑफ मॅनवरच्या ‘टूरिस्ट ट्रॉफी’ या मोटारसायकलींच्या शर्यतीवरून, तेही ऑडीच्या घराण्यात विलीन झालेल्या एनएसयू कंपनीच्या जुन्या टीटी गाड्यांकडून वारशाने आलेले. जोते मात्र फोक्सवागन गोल्फचे, थोडे आखूड केलेले. त्याच जोत्यावर श्कोडाची ऑक्टाव्हिया उभी होती, आणि ती २००१ पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जोडली जात असे. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर धावणारी ती पांढरी, भारदस्त ऑक्टाव्हिया आणि युरोपातल्या संग्रहालयांच्या अंगणात शोभणारी गोलाकार टीटी या सख्ख्या बहिणी आहेत, हे दोघींकडे पाहून कोण म्हणेल?

ऑडीची ए५ ही कूपे म्हणून २००७ मध्ये आली. ती ए४ च्या जोत्यावर, असे सर्रास म्हटले जाते. पण त्या नव्या घडणीवरची पहिली गाडी ए५ च होती, ए४ काही महिने मागून आली. धाकटी समजली जाणारीच आधी जन्मली. मग कंपनीने ठरवले की विषम आकडे इंधनावरच्या गाड्यांना आणि सम आकडे विजेवरच्यांना. त्यामुळे २०२४ मध्ये ए४ च्या जागी जी चार दारी गाडी आली तिला ए५ म्हटले गेले. २०२५ मध्ये कंपनीने तो नियम सोडून दिला. नियम गेला, नाव राहिले. आज ए५ म्हटले की जी गाडी समोर येते ती दोन दारी कूपे नाही. तशी कूपे त्या नावात आता उरलेलीच नाही.

इथवर सारे गंमत म्हणून वाचता येते. पण भावाच्या गॅरेजात त्या करड्या कूपेचा मालक आला तेव्हा त्याच्याबरोबरचा एक गृहस्थ हसून म्हणाला, “अरे, ही खरी ई नव्हेच.” मालकाचा चेहरा उतरला. गाडी तीच होती. पाच मिनिटांपूर्वी ती जशी चालत होती तशीच पाच मिनिटांनंतरही चालणार होती. ‘खरी नव्हे’ म्हणण्यातला तो स्वर मला ओळखीचा वाटला, आणि तो मोटारींच्या जगातला नव्हता.

आमच्या व्यवसायात मूळ शोधणे हा सद्गुण समजला जातो. शब्द दिसला की तो तत्सम की तद्भव, कानडीतून आला की फारसीतून, हे विचारायला आम्ही शिकतो आणि शिकवतो. आडनाव ऐकले की तेच यंत्र आपोआप सुरू होते. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी एक-दोन विद्यार्थी असे येतात की ज्यांच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आडनाव असते आणि अर्जावर दुसरे, सोबत राजपत्रातल्या नोंदीची प्रत. नवे आडनाव बहुधा गावावरून घेतलेले, शेवटी ‘कर’ असलेले. ज्यातून गावापलीकडे काही वाचता येऊ नये असे. आणि अध्यापक-कक्षात कोणीतरी हमखास विचारतो, “हे मूळचे कोण?” विचारणारा दुष्ट नसतो. त्याला वाटते, आपण केवळ जिज्ञासा दाखवतो आहोत. ज्याला विचारले जाते त्याला ती जिज्ञासा पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची असते. तिच्यापासून सुटण्यासाठीच वडिलांनी अर्ज भरलेला असतो, शुल्क भरलेले असते.

दोन्ही ठिकाणी जुने नाव जाते आणि नवे येते, म्हणून या दोन गोष्टी सारख्या ठरत नाहीत. सी-क्लासच्या घडणीवर ई-क्लासची पाटी लावणारी कंपनी त्या पाटीचे पैसे घेते. गिऱ्हाइकाने खाली वाकून जोते तपासावे, हा त्याचा हक्कच आहे. भावाला तर जोते कळल्याशिवाय ब्रेक दुरुस्तच करता येणार नाही, चुकीचा भाग बसवला तर माणूस मरेल. ‘कर’ लावणारा मुलगा मात्र कोणाला काही विकत नसतो. तो वरच्या कुळाचे नाव घेत नाही. वर-खाली वाचताच येऊ नये असे नाव घेतो, म्हणजे २००९ च्या ई-क्लास कूपेपेक्षा १९९७ च्या सीएलकेसारखे काहीतरी. त्याचे मूळ कळल्याने वर्गातले माझे कोणतेही काम अडत नाही. त्याला कोणती शिष्यवृत्ती मिळायला हवी हे कार्यालयाला कळावे लागते, ते कागद कार्यालयात असतात, आणि ते तिथेच असावेत.

२०२३ मध्ये मर्सिडीजने सी-क्लास कूपे आणि ई-क्लास कूपे दोन्ही बंद करून एकच गाडी आणली : सीएलई. शेवटचे अक्षर मूळ कुळ सांगते हा नियम लावला तर ही ई-कुळातली. तिचा व्हीलबेस २८६५ मिलिमीटर. नव्या ई-क्लासचा २९६१. नव्या सी-क्लासचा २८६५. भावाला मी हे आकडे सांगितले तर तो म्हणाला, “मग आणखी काय असणार?”

गेल्या वर्षी भाषाविज्ञानाच्या तासाला मी फळ्यावर दोन नावे लिहिली : १९८७ ची ३०० सीई आणि २०२३ ची सीएलई. ‘सी’ आणि ‘ई’ ही दोन्ही अक्षरे दोहोंत तीच आणि त्याच क्रमाने. ‘सी’ चा अर्थ छत्तीस वर्षांत बदलला नाही, तो अजूनही कूपेचाच आहे. ‘ई’ चा पूर्ण बदलला. कोणत्या अक्षराचा अर्थ का टिकला, याचे उत्तर लिहून आणायला सांगितले. बहुतेकांनी लिहिले की कूपे ही वस्तू टिकली म्हणून तिचे अक्षर टिकले. एका मुलीने उलट लिहिले : फवारा तर आजही प्रत्येक पेट्रोल गाडीत आहे, वस्तू गेलेली नाही; ती सर्वांकडे पोचली, म्हणून तिचे नाव मोकळे झाले आणि मोकळे नाव दुसऱ्याने उचलले. मी तिला पूर्ण गुण दिले, आणि तिचे उत्तर वर्गात वाचून दाखवले.

तिचा मोठा भाऊ माझाच जुना विद्यार्थी. तो चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. पुण्याशी मर्सिडीजचा संबंध तसा १९९५ पासूनचा. टेल्कोच्या आवारात जोडली गेलेली पहिली गाडी डब्ल्यू १२४ ई-क्लास होती, ३०० सीई जिच्यातून ८५ मिलिमीटर कापून केली तीच पिढी. चाकणचा कारखाना २००९ चा. मध्यंतरी तो घरी आला तेव्हा मी त्याला मोठ्या उत्साहाने सीएलईविषयी विचारले. त्याने अजून ती जवळून पाहिलेली नव्हती. “मॅडम, आमच्या लाइनवर सी येते, ई येते, एस येते. दोन दारांची येत नाही, ती तिकडूनच तयार येते,” तो म्हणाला. मग बहिणीचा पेपर कसा गेला, ते विचारू लागला.